देवाला नेमकं काय म्हणायचंय? रीलमधला ‘संदेश’ आणि ख्रिस्ती परंपरेतलं शहाणपण

‘थांबा, पुढे स्क्रोल करू नका. देवाला आज तुमच्याशी बोलायचंय.’

अशा ओळीने सुरू होणारी रील कधी ना कधी तुमच्या फीडमध्ये आली असेल. मागे हलका पियानो, समोर ढग किंवा समुद्र, मग बायबलमधलं एखादं वचन आणि शेवटी ‘विश्वास असेल तर आमेन लिहा’. बरेच जण आमेन लिहितात आणि पुढे जातात. पण एखाद्याच्या डोक्यात त्या रात्री खरंच काहीतरी घोळत असतं. नोकरी सोडायची का? आलेल्या स्थळाला होकार द्यायचा का? आईवडिलांना इथे ठेवून परदेशी जायचं का? त्याला ती रील वर ढकलणं जड जातं. वाटतं, हेच उत्तर असेल तर?

ती रील त्यालाच का दिसली, हे कोडं फार अवघड नाही. आधी अशाच काही रील त्याने शेवटपर्यंत पाहिलेल्या असतात. पण म्हणून त्याच्या मनातला प्रश्न खोटा ठरत नाही. रोजच्या जगण्यात देवाचं शहाणपण कसं मिळवायचं, हे ख्रिस्ती लोक दोन हजार वर्षं विचारत आलेत. गंमत म्हणजे या परंपरेतली जाणती माणसं ‘मला संदेश आला’ म्हणणाऱ्यावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. आलेला संदेश तपासायचा कसा, यावरच त्यांनी जास्त विचार केलाय.

ते नेमकं काय आहे, समजून घेऊया.

ज्ञान की शहाणपण?

जुन्या करारात यासाठी ‘होख्मा’ हा हिब्रू शब्द येतो. मराठी बायबलमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याचं भाषांतर ‘ज्ञान’ असं केलंय. आता आपल्या रोजच्या बोलण्यात ज्ञान म्हणजे माहिती, अभ्यास, नाहीतर ‘उगाच ज्ञान देऊ नकोस’ मधलं ज्ञान. होख्मा त्यापेक्षा हाताच्या जवळची गोष्ट आहे. ‘निर्गम’ या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर भेटतो. सोनं, चांदी, दगड, लाकूड घडवणारा. देवाने त्याला होख्मा दिली असं तिथे सांगितलंय. कशासाठी, तर उपासनेचा मंडप आणि त्यातल्या वस्तू नीट घडवता याव्यात म्हणून. म्हणजे सोनार-सुताराच्या कसबालाही हाच शब्द लागतो.

हे लक्षात आलं की पुढचं बरंच सोपं होतं. माहिती फॉरवर्ड करता येते. कसब येत नाही. ते वापरून, चुकून, जाणत्याच्या हाताखाली राहून अंगात मुरतं.

शलमोन राजाची गोष्ट अनेकांना माहीत असते. नवा राजा, वय कोवळं. स्वप्नात देव विचारतो, काय हवं ते माग. तो दीर्घायुष्य मागत नाही, संपत्ती मागत नाही, शत्रूंचा नायनाटही नाही. बरंवाईट ओळखून लोकांचा न्याय करता यावा असं मन मागतो. मूळ हिब्रूत त्याचा शब्दशः अर्थ ‘ऐकणारं मन’ असा होतो. त्यानंतर लगेच दोन स्त्रिया एक बाळ घेऊन दरबारात येतात आणि दोघीही म्हणतात, हे माझं. या प्रसंगात एक गोष्ट सहज निसटून जाते. खरी आई कोण, हे देव शलमोनाच्या कानात येऊन सांगत नाही. ते त्याला स्वतःच, समोरच्या माणसांकडे पाहून, त्यांच्या प्रतिक्रिया जोखून शोधावं लागतं. मिळालेलं शहाणपण ते हेच.

नव्या करारातलं याकोबाचं पत्र या बाबतीत सगळ्यात कामाचं. छोटंसं आहे, पाच अध्यायांचं. सुरुवातीलाच ते सांगतं की शहाणपण कमी पडत असेल तर देवाकडे मागा, तो मागणाऱ्याला हिणवत नाही. ही ओळ पोस्टरवर खूप दिसते. तिसऱ्या अध्यायातला भाग मात्र कमी दिसतो. तिथे वरून आलेलं शहाणपण ओळखायच्या खुणा दिल्यात: ते शांतता आणतं, सौम्य असतं, दयाळू असतं, तोंड पाहून न्याय करत नाही आणि समजावलं तर ऐकून घेतं. मत्सर आणि स्वार्थी चढाओढ दिसली तर ते वरचं नव्हे.

यातली ‘ऐकून घेतं’ ही खूण मला फार मोलाची वाटते. देवाचा संदेश सांगणाऱ्याला तुम्ही एक साधा प्रश्न विचारलात आणि तो भडकला, तर याकोबाच्या हिशेबाने परीक्षा तिथेच संपली.

देवाच्या वतीने बोलणाऱ्यांबद्दल बायबल तसंही सावध आहे. ईयोबाच्या पुस्तकात मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाजवळ मित्र येऊन बसतात. पहिले सात दिवस ते गप्प असतात, आणि तोच त्यांचा सगळ्यात शहाणा काळ. मग ते बोलू लागतात. तुझंच काहीतरी पाप असणार, देव उगाच शिक्षा करत नाही, वगैरे. बोलणं अगदी धार्मिक. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर संतापतो, माझ्याबद्दल तुम्ही खरं बोलला नाहीत म्हणून. दुसरं उदाहरण तर त्याहून टोकदार आहे. वाळवंटात येशूची परीक्षा घेताना सैतान स्तोत्रसंहितेतलं वचन तोंडपाठ म्हणून दाखवतो. समोर वचन आहे म्हणजे संदेश देवाचाच, असं मानायला बायबलच परवानगी देत नाही.

कौल लावायचा का?

आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात. ख्रिस्ती इतिहासातही कौल आहे. यहूदा इस्कार्योतच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. पण क्रम बघा. आधी निकष ठरवले: हा माणूस सुरुवातीपासून येशूसोबत असलेला हवा. त्यात बसणारे दोघे निघाले. मग प्रार्थना, आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. त्यानंतर नव्या करारात निर्णयासाठी चिठ्ठ्या टाकल्याचं पुन्हा दिसत नाही. पुढचा मोठा वाद, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासूंना यहुदी नियम लावायचे का, हा यरुशलेममध्ये बसून, दोन्ही बाजू ऐकून, वादावादी करून सोडवला गेला.

अठराव्या शतकात जर्मनीतल्या मोरेव्हियन पंथाने मात्र चिठ्ठीची पद्धतच बसवली. कोणाला मिशनरी म्हणून पाठवायचं, कोणाचं कोणाशी लग्न व्हावं, यासाठी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थांबा’ सुचवणारी कोरी, अशा चिठ्ठ्या असत. लग्नासाठीची सक्ती १८१८ मध्ये बहुतेक सभासदांपुरती उठली आणि १८८९ मध्ये ही प्रथा अधिकृतपणे बंद झाली. लोकांना आपलं लग्न चिठ्ठीवर सोपवणं नको झालं होतं, यात नवल काही नाही.

आणखी एक लोकप्रिय पद्धत म्हणजे डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं. याचं समर्थन करताना संत ऑगस्टीनचं नाव घेतलं जातं. इसवी सन ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्याने लहान मुलाच्या आवाजात ‘उचल आणि वाच’ असं ऐकलं, पौलाचं पत्र उघडलं आणि त्याचं आयुष्य बदललं. गोष्ट खरी, पण त्याआधी तो कित्येक वर्षं वाचत, वाद घालत, स्वतःशी झगडत होता, हा भाग रीलमध्ये बसत नाही.

तोफगोळा, कादंबऱ्या आणि एक खेचर

या सगळ्याला पद्धतशीर रूप देणारा माणूस म्हणजे इग्नेशियस लोयोला. नाव परकं वाटेल, पण महाराष्ट्र-गोव्याशी त्याचं नातं जवळचं आहे. त्याने काढलेला येशूसंघ, म्हणजे जेझुइट. पॅरिसमध्ये त्याच्यासोबत एका खोलीत राहिलेला फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ मध्ये दहा हजारांहून जास्त ओव्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून आणणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइटच. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये काढलं ते जेझुइटांनी.

इग्नेशियस मुळात साधू वगैरे नव्हता. स्पेनच्या बास्क भागातला उमराव घराण्यातला, तलवार, कपडे आणि इभ्रत यांत रमलेला तरुण. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वाकडं जुळलं, वर टेंगूळ आलं. घट्ट बूट घालता येणार नाहीत म्हणून त्याने ते हाड कापून घेतलं, तेही भूल देण्याची सोय नसलेल्या काळात. इतका तो दिसण्याच्या नादी होता.

मग अंथरुणात महिनोन्‌महिने. त्याने वाचायला शूर सरदारांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताच्या चरित्राची आणि संतांच्या गोष्टींची पुस्तकं. नाइलाजाने तीच वाचली. एकीकडे तो तासन्‌तास दिवास्वप्नं बघायचा, एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी मिळवण्यासाठी काय पराक्रम करू. दुसरीकडे, फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांनी केलं ते मी केलं तर, असाही विचार यायचा. दोन्ही विचार सुरू असताना सारखाच आनंद द्यायचे. फरक नंतर पडायचा. पहिलं दिवास्वप्न संपलं की मन कोरडं, उदास. दुसरं संपल्यावरही मन बराच वेळ प्रसन्न.

एवढंच. ना आवाज, ना प्रकाश. फक्त एका आजारी माणसाने दोन विचार ओसरल्यानंतर मागे काय उरतं, त्याकडे लक्ष दिलं. पुढच्या सगळ्या नियमांचं मूळ इथे आहे. (हा प्रयोग इन्स्टाग्रामवर अर्धा तास घालवल्यानंतर करून बघायला हरकत नाही.)

पण शहाणपण एका रात्रीत येत नाही. बरा झाल्यावर तो खेचरावर बसून यात्रेला निघाला. वाटेत एक मुस्लिम प्रवासी भेटला. मरियेच्या कौमार्यावरून दोघांचा वाद झाला आणि तो प्रवासी पुढे निघून गेला. इग्नेशियसला वाटलं, हा अपमान आहे, याला गाठून खंजीर खुपसावा का? ठरेना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळलं तर मारायचं, हमरस्त्याने गेलं तर सोडून द्यायचं. गावाचा रस्ता रुंद आणि सोपा होता, तरी खेचर हमरस्त्याने गेलं.

म्हातारपणी स्वतःची हकिगत सांगताना इग्नेशियसने हा प्रसंग लपवला नाही. आपल्या मनात भक्ती होती, पण विवेक नावाची गोष्ट आपल्याला माहीतच नव्हती, हे दाखवायलाच त्याने तो सांगितला. एका निरपराध माणसाचा जीव एका खेचराच्या मर्जीवर टांगला गेला होता. ‘देवाने खूण दाखवावी, मी तसं करेन’ या पद्धतीची याहून चांगली टीका मला तरी माहीत नाही.

पुढे मान्रेसा या गावी तो काही महिने राहिला, आणि तिथे त्याला वेगळंच दुखणं जडलं. आपली पापं नीट कबूल झालीच नाहीत, काहीतरी राहिलं, या शंकेने तो इतका पोखरला गेला की जीव द्यावा असे विचार येऊ लागले. बराच काळ पिळवटून निघाल्यावर त्याला जाणवलं की ही टोचणी धार्मिक दिसत असली तरी ती देवाकडून येत नाहीये. त्याने जुनी पापं उगाळणं थांबवलं. नंतर बार्सिलोनात, तिशी ओलांडल्यावर, तो मुलांसोबत लॅटिन व्याकरण शिकायला बसला. पाठांतर सुरू केलं की नेमके त्याच वेळी अतिशय सुंदर आध्यात्मिक विचार सुचायचे. प्रार्थनेच्या वेळी ते येत नसत. त्याने ओळखलं, हेही फसवंच आहे. अभ्यासाच्या वेळी अभ्यास.

यातून तयार झालेलं ‘आध्यात्मिक साधना’ हे त्याचं छोटं पुस्तक १५४८ मध्ये पोपच्या मंजुरीने छापलं गेलं. ते वाचायचं पुस्तक नाही. व्यायामाच्या वहीसारखं, करून बघायचं आहे.

नियम काय सांगतात?

सगळे नियम इथे देत नाही. जे रोज उपयोगी पडतात तेवढेच बघू.

सगळ्यात पहिली अट अशी की हा विवेक दोन चांगल्या किंवा निदान निर्दोष पर्यायांमध्येच करायचा. बरं आणि वाईट यांत निवड करायला विवेकाची बैठक लावायची नसते, तिथे उत्तर आधीच माहीत असतं. म्हणजे इग्नेशियसच्या स्वतःच्याच नियमाने खेचराला विचारलेला प्रश्न मुळात विचारायचाच नव्हता.

दुसरा नियम खास रात्री साडेअकराच्या लोकांसाठी. मन खचलेलं, कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. बरं वाटत असताना, शांतपणे जे ठरवलं होतं त्याला धरून राहा. प्रार्थना थोडी वाढवा, पण राजीनाम्याचा मेल लिहू नका. रील नेमकी याच्या उलट काम करते. ती तुम्हाला सगळ्यात हळव्या क्षणी गाठते आणि ‘आत्ताच’ म्हणते.

तिसरी गोष्ट गुपिताची. इग्नेशियस म्हणतो, वाईट प्रेरणा ही चोरून प्रेम करायला बघणाऱ्या लबाड माणसासारखी असते. ‘घरी सांगू नकोस’ हे त्याचं पहिलं वाक्य. मनातला जो विचार जाणत्या माणसापुढे उघडा करायला नको वाटतो, त्याच्यावर संशय घ्या.

चौथी, चांगली सुरुवात म्हणजे चांगला शेवट नव्हे. विचार कुठून निघाला, मध्ये कुठे वळला, शेवटी कुठे नेऊन सोडलं, हा सगळा माग काढायचा. समाजसेवेच्या ओढीने सुरू झालेलं काम सहा महिन्यांनी घरच्यांवर चिडचिड आणि फॉलोअर मोजणं यावर आलं असेल, तर मध्ये कुठेतरी वळण चुकलंय.

पोप फ्रान्सिस स्वतः जेझुइट होते. ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात त्यांनी आपल्या बुधवारच्या सभांमध्ये याच एका विषयावर चौदा वेळा भाषण केलं. त्यात प्रार्थना होतीच, पण स्वतःला ओळखणं आणि आपली इच्छा नेमकी काय आहे ते बघणं यालाही त्यांनी तेवढाच वेळ दिला.

प्रत्यक्षात हे कसं चालतं?

समजा, वसईत राहणारी तिशीतली एक नर्स आहे. तिला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलची ऑफर आलीय. पगार कितीतरी जास्त. घरी वडील एकटेच, गुडघे दुखतात. उत्तर द्यायला तीन आठवडे आहेत. ती प्रार्थना करते, ‘देवा, तुझी इच्छा दाखव.’

इग्नेशियसच्या पद्धतीने तिचं पहिलं काम म्हणजे काटा मधोमध आणणं. तराजूचा काटा. कुठलंही पारडं आधीच झुकलेलं नको. हे बोलायला सोपं आहे. ती प्रामाणिकपणे बघू लागली तर कदाचित तिला दिसेल की मैत्रिणीचे डब्लिनचे फोटो पाहिल्यापासून मन तिकडेच आहे, आणि आता तिला फक्त देवाची सही हवीय. किंवा उलट, ‘बापाला टाकून गेली’ असं गावात म्हणतील, या भीतीनेच पाय धरलेत. वडिलांची काळजी वेगळी आणि गावाची भीती वेगळी. या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या तरी निम्मं काम झालं.

मग कागद. जाण्याचे फायदे, जाण्याचे तोटे, न जाण्याचे फायदे, न जाण्याचे तोटे, असे चार रकाने. दोन पुरतील असं वाटतं, पण ‘न जाण्याचे फायदे’ लिहायला बसल्यावर जे सुचतं ते ‘जाण्याचे तोटे’ लिहिताना सुचत नाही. यादी किती लांब झाली हे मोजायचं नाही. कुठल्या मुद्द्यात वजन आहे ते बघायचं.

तरी ठरत नसेल तर कल्पनेचा आधार. समजा, अगदी हीच अडचण घेऊन एक अनोळखी मुलगी माझ्याकडे आली आणि तिचं भलं व्हावं एवढंच मला वाटतंय, तर मी तिला काय सांगेन? मी मरणाच्या दारात असेन, तेव्हा यातला कुठला निर्णय घेतला असता तर बरं, असं वाटेल? आपण स्वतःशी जेवढे गोंधळलेले असतो, तेवढे अनोळखी माणसाला सल्ला देताना नसतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

नंतरचे मार्गदर्शक आणखी एक गोष्ट सुचवतात. दोन-तीन दिवस ‘मी जाणार’ असं ठरलंय समजून वावरायचं, कामाला जायचं, स्वयंपाक करायचा, आणि मन कसं राहतं ते बघायचं. मग दोन-तीन दिवस ‘मी राहणार’ समजून. पहिल्या तासाचा उत्साह किंवा धास्ती सोडून द्यायची. तळाशी काय राहतं ते महत्त्वाचं.

आणि हो, वडिलांना विचारायचं. आठ दिवस देवाला विचारलं पण ज्यांच्यासाठी अडलंय त्या माणसाला विचारलंच नाही, असं आपल्याकडे सर्रास होतं. कदाचित ते म्हणतील, तू जा, मी भावाकडे राहीन. कदाचित म्हणतील, एक वर्ष थांब.

ती काय ठरवते हे मी लिहीत नाही, कारण या पद्धतीत प्रत्येकीचं उत्तर एकच निघत नाही.

मध्ये कोणी हवं का? पंडिता रमाबाईंचं उत्तर

जाणत्या माणसाला विचारा, हे ठीक. पण विचारणं आणि ताब्यात जाणं यांतली रेघ कुठे? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर एका मराठी बाईने दिलंय.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पुढची काही वर्षं दोघींमध्ये जोरदार पत्रव्यवहार झाला. रमाबाईंना काही सिद्धांत पटत नव्हते आणि त्या ते बोलून दाखवत. त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात होत्या, तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंची भूमिका ठाम होती: सल्ला जरूर ऐकेन, पण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नाही. देव काय सांगतो हे समजून घेण्याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्या कोणाकडे सोपवली नाही. ही पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केली आहेत. रमाबाईंचा सूर त्यांत अजूनही ताजा वाटतो.

तरी त्या एककल्ली नव्हत्या. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा, १८९६-९७ मध्ये, त्यांनी तिथे जाऊन शेकडो मुली-विधवांना आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. लहानपणी दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीण गमावली होती. आपल्याच आयुष्याने शिकवलेलं त्यांनी देवाच्या मार्गदर्शनातून वगळलं नाही. शेवटची कित्येक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. कमी शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावं, कोणी अर्थ सांगण्याची वाट बघावी लागू नये, हा त्यामागचा हेतू.

विवेक कुठे लावायचा नाही?

हा भाग शेअर करण्यासारखा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

नवरा मारतो, घर सोडू की सहन करत प्रार्थना करू? हा दोन चांगल्या पर्यायांमधला प्रश्न नाही. कोणी पाळक किंवा फादर ‘हा तुझा क्रूस आहे’ म्हणत असेल, तरी नाही. आधी सुरक्षित व्हायचं. महिलांसाठी १८१ आणि आणीबाणीत ११२ हे नंबर आहेत.

औषधं बंद करायला सांगणारा संदेशही तसाच. कॅथलिक बायबलमध्ये सिराचं पुस्तक आहे, शहाणपणाच्या साहित्यातलंच. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात आजारपणात प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, असं एका दमात सांगितलंय. त्या जुन्या लेखकाला यात विरोध दिसला नाही. इग्नेशियसने सांगितलेलं मनाचं कोरडेपण आणि नैराश्य हा आजार, या एकच गोष्ट नव्हेत. आठवडेच्या आठवडे झोप, भूक, काम सगळं बिघडलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टर गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

आणि संदेशासोबत क्यूआर कोड आला, ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ असं कोणी म्हणालं, तर गुपिताचा आणि घाईचा नियम आठवा. बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौल बोलत असतानासुद्धा त्याचं म्हणणं शास्त्रात रोज तपासून पाहायचे. त्यासाठी बायबलमध्ये त्यांचं कौतुक झालंय, कोणी त्यांना अविश्वासू म्हटलेलं नाही.

रोज काय करता येईल?

इग्नेशियसने आपल्या साथीदारांना आजारपणात किंवा कामाच्या धबडग्यात इतर साधना सोडायची मुभा दिली, पण दिवसाची उजळणी सोडू नका म्हणाला. ती दहा-पंधरा मिनिटांची असते. आजच्या दिवसात कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, तिथून सुरुवात. मग दिवस नीट दिसावा म्हणून प्रार्थना. मग सकाळपासून दिवस हळूहळू मागे फिरवायचा, पण ‘काय काय केलं’ अशी हजेरी घ्यायची नाही. कुठे जीव मोठा झाला, कुठे आक्रसला, एवढंच बघायचं. ऑफिसच्या ग्रुपवर टोमणा मारून झाल्यावर कसं वाटलं? कंटाळा आला असताना आजीला फोन केला, ठेवल्यावर कसं वाटलं? चुकलं असेल तिथे क्षमा, आणि उद्याच्या एखाद्या नेमक्या प्रसंगासाठी मदत मागायची.

यासाठी चर्च लागत नाही, मेणबत्ती लागत नाही. विरारच्या लोकलमध्ये उभ्याने होतं. काही जण नीतिसूत्रांचा रोज एक अध्याय वाचतात. अध्याय एकतीस आहेत, त्यामुळे तारीख बघून पान उघडायचं.

वहीत दोन ओळी लिहिल्या तर महिनाभराने मागे जाऊन बघता येतं. एका दिवसात काही कळत नाही. तीस दिवसांत एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागते: अमुक माणसाला भेटून आलं की आपण चिडचिडे होतो, तमुक काम कितीही दमवणारं असलं तरी झोप शांत लागते. मोठा निर्णय समोर येतो, तेव्हा ही वही हाताशी असते. तोवर कोणी ‘देवाने मला तुझ्यासाठी सांगितलंय’ म्हणत आलंच, तर एवढं विचारून ठेवा: ‘हे मी घरी आणि आणखी दोन जाणत्या माणसांना सांगून, महिनाभराने उत्तर दिलं तर चालेल ना?’